हांगुलची ११,१७२ अक्षरं संगणकात कशी बसली?

खिळेछपाई (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर प्रश्न आला होता की, युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, देवनागरीच्या मुख्य तक्त्याला १२८ घरं आणि कोरियन लिपीला, म्हणजे हांगुलला, अकरा हजारांवर, हा दुजाभाव नाही का? उत्तर लिहायला घेतलं आणि ते आवरेना, म्हणून हा स्वतंत्र धागा. दुजाभाव नाही, असं माझं मत आहे. पण लिपी वर्णांनी मोजायची की अक्षरांनी, यावरून कोरियात वर्षानुवर्षं वाद झाला, आणि त्याचा जो शेवट झाला त्याचा फायदा आज आपल्या मराठीलाही मिळतो. म्हणून सगळं नीट सांगतो.

आधी लिपी. हांगुल राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. आजचे मूळ वर्ण २४, त्यात १४ व्यंजनं आणि १० स्वर. पण हे वर्ण एकापुढे एक लिहीत नाहीत, अक्षराअक्षराचे चौकोन करतात. आधी व्यंजन, मग त्याच्या उजवीकडे किंवा खाली स्वर, आणि असलंच तर तळाशी शेवटचं व्यंजन. 'हान' या अक्षरात ह, आ आणि न एकाच चौकोनात बसतात. दुहेरी आणि संयुक्त वर्ण धरले, तर सुरुवातीला येऊ शकणारी व्यंजनं १९, स्वर २१ आणि शेवटी येणारी व्यंजनं किंवा व्यंजनजोड्या २७. शेवट मोकळा असणं हाही एक पर्याय, म्हणून २८. १९ × २१ × २८ = ११,१७२. आजच्या कोरियनमध्ये लिहिता येतील असे चौकोन बरोब्बर एवढेच. त्यातले कित्येक कुठल्याच शब्दात येत नाहीत, पण लिपीला ते मान्य आहेत.

१९८०च्या दशकात घरगुती संगणक आले तेव्हा दोन तट पडले. पहिला 'जोहाप', म्हणजे वर्ण जोडून अक्षर करणारा. त्यात दोन बाइट, म्हणजे १६ बिट घ्यायचे. पहिला बिट 'हे हांगुल आहे' एवढं सांगायला, मग पाच बिट पहिल्या व्यंजनाला, पाच स्वराला, पाच शेवटच्या व्यंजनाला. पाच बिटांत ३२ शक्यता मावतात, त्यामुळे १९, २१ आणि २८ तिन्ही आरामात बसतात. लिपीचा नियम जसाच्या तसा बिटांत उतरतो. मला विचाराल तर त्या काळातली ही सर्वांत देखणी रचना होती.

दुसरा तट 'वानसोंग', म्हणजे तयार अक्षरांची यादी करून प्रत्येकाला क्रमांक देणारा. १९८७ मध्ये सरकारी प्रमाण ठरलं ते याच पद्धतीचं, त्याचं नाव केएस सी ५६०१. त्यामागचं कारण पोरकट नव्हतं. वेगवेगळ्या लिप्यांचे संच एकाच यंत्रणेतून सुरळीत जावेत म्हणून जो आंतरराष्ट्रीय नियम होता, त्यात दोन बाइटांच्या संचाला ९४ × ९४ चौकटीचा तक्ता मिळायचा. म्हणजे ८,८३६ घरं. जोहापचा दुसरा बाइट इंग्रजी अक्षरांच्या पट्ट्यात घुसायचा, त्यामुळे तो या नियमात बसत नव्हता. आणि ११,१७२ अक्षरं त्या तक्त्यात मावणं शक्यच नव्हतं, कारण चिनी अक्षरांनाही जागा हवी होती. मग निवड झाली: ४,८८८ चिनी अक्षरं, ९८६ चिन्हं आणि हांगुलची फक्त २,३५० अक्षरं, जास्त वापरातली.

उरलेली ८,८२२ अक्षरं प्रमाण संगणकावर लिहिताच येईनात. माझ्या मते ही फार गंभीर चूक होती. 'हे अक्षर क्वचितच लागतं' असं म्हणणं सोपं, पण ते अक्षर कुणाच्या तरी नावात असतं. १९९०च्या सुमाराला गाजलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेच्या नावातलं पहिलंच अक्षर 'त्तोम' या यादीत नव्हतं आणि ते लोकांच्या चांगलंच लक्षात राहिलं. फॉन्ट तपासायला कोरियात एक वाक्य वापरतात, त्याचा अर्थ साधारण असा: जीपमधून आलेला पेप्सीमॅन आणि आखूड पायांचे त्तोमबांग साहेब. त्यातल्या जीपचं 'च्चिप', पेप्सीचं 'पेप', आखूडचं 'श्शोत' आणि ते 'त्तोम', चारही अक्षरं २,३५० च्या बाहेरची. वाक्य धड दिसलं तर फॉन्टमध्ये पूर्ण हांगुल आहे असं समजायचं.

युनिकोडबद्दल प्रतिसादांत लिहितो.

अनुस्वार

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न माझाच होता, त्यामुळे थोडी हुज्जत घालते. कोरियन अक्षराला एक क्रमांक, आणि आपल्या 'क्ष'ला तीन: क, हलन्त, ष. मराठी एसएमएस ७० संकेतांकांत, म्हणजे अशा ७० क्रमांकांत, संपतो आणि प्रत्येक काना-मात्रा त्यात मोजला जातो. 'क्षत्रिय' लिहायला आठ जागा जातात. कोरियन माणूस तेवढ्यात आठ पूर्ण अक्षरं लिहितो. आपण जोडाक्षरांसाठी घरं मागितली असती तर काय बिघडलं असतं?

बायनरीबुवा

अनुस्वारताई, मागायची तर किती मागणार? हांगुलचं अक्षर जास्तीत जास्त तीन खणांचं, म्हणून त्याची मोजणी संपते. 'कार्त्स्न्य' या शब्दात र्, त्, स्, न्, य असे पाच व्यंजन एका जोडाक्षरात आहेत. यादी कुठे थांबवायची हे ठरवायला कुणीतरी समिती बसणार, आणि ती जे गाळेल ते गेलंच. वर २,३५० चं काय झालं ते वाचलंच आपण. युनिकोडची देवनागरी भारतीय लिप्यांसाठीच्या १९८८च्या इस्की प्रमाणावर बेतलेली आहे आणि इस्कीने वर्ण साठवायचे, जोडाक्षराचं रूप फॉन्टवर सोडायचं, असं ठरवलं. बरेच दिवस चांगले फॉन्ट नव्हते तेव्हा त्याचा त्रास झाला, पण कुठलाही मराठी शब्द 'यादीत नाही' म्हणून अडला नाही.

खिळेछपाई

बुवांशी सहमत. आता युनिकोड.

१९९१च्या पहिल्या आवृत्तीत तीच २,३५० अक्षरं घेतली. १९९३च्या १.१ मध्ये आणखी भर पडून ती ६,६५६ झाली, पण तीन वेगवेगळ्या ढिगांत, म्हणजे शब्दकोशाचा क्रम मोडूनच. मग १९९६च्या २.० आवृत्तीत हे सगळं उचललं आणि नव्या जागी पूर्ण ११,१७२ अक्षरं कोशाच्या क्रमाने ओळीत मांडली. पहिल्या अक्षराचा, 'गा'चा, क्रमांक ४४०३२.

ती यादी असली तरी तिच्या आत जोहापचाच हिशेब आहे. पहिल्या व्यंजनाचा क्रम शून्यापासून मोजा, त्याला २१ ने गुणा, त्यात स्वराचा क्रम मिळवा. येईल त्याला २८ ने गुणा, शेवटच्या व्यंजनाचा क्रम मिळवा आणि शेवटी ४४०३२ मिळवा. 'हान'साठी ह चा क्रम १८, आ चा ०, शेवटच्या न चा ४. १८ × २१ = ३७८, त्याचे २८ पट १०,५८४, अधिक ४ म्हणजे १०,५८८, अधिक ४४०३२ म्हणजे ५४६२०. उलट भागाकार केला की वर्ण परत मिळतात. एवढा मोठा तक्ता, पण अक्षर फोडायला आणि जोडायला संगणकाला तो जवळ ठेवावाच लागत नाही. वर्णवादी आणि अक्षरवादी, दोघांचंही समाधान करणारी ही तोड आहे आणि ती मला मनापासून आवडते.

सबटायटलवेडी

'त्तोम' काढून पाहिलं! पहिलं व्यंजन ४, स्वर ८, शेवटचं १६. उत्तर ४६६२४. तपासलं, बरोबर आहे. :)

आता माझा प्रश्न. जुन्या कोरियन चित्रपटांच्या उपशीर्षकांच्या फाइली उतरवल्या की हांगुलऐवजी भलतंच दिसतं. शेपटीवाला सी, लहरी रेघेचा एन, अधिक-उण्याचं चिन्ह, टोपीवाला यू. फाइल बिघडलेली असते का?

खिळेछपाई

फाइल ठणठणीत आहे. तुम्ही दिलेली ती चार चिन्हं म्हणजे 'हांगुल' हाच शब्द आहे. १९८७च्या तक्त्यात 'हान'चे दोन बाइट आणि 'गुल'चे दोन. तुमचा प्लेअर त्या चार बाइटांना पश्चिम युरोपातली चार अक्षरं समजतोय. टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग म्हणून ईयूसी-केआर (त्याच तक्त्याचं रूप) किंवा सीपी९४९ (त्याची वाढीव आवृत्ती) निवडा, मजकूर नीट दिसेल. मग यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटांत मांडायच्या पद्धतीत, साठवून ठेवा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक हांगुल अक्षराला तीन बाइट लागतात, फाइल थोडी फुगेल, पण पुन्हा हा त्रास नाही.

बायनरीबुवा

सीपी९४९चं नाव निघालंच आहे तर सांगतो. कोरियन विंडोज ९५ सोबत मायक्रोसॉफ्टने १९८७च्या तक्त्याभोवतीच्या रिकाम्या जागांत राहिलेली ८,८२२ अक्षरं भरली. अक्षरं मिळाली, पण क्रम गेला. जुनी २,३५० आपल्या जागी आणि नवीन त्यांच्या आधी-मागे विखुरलेली. बाइटांच्या क्रमाने यादी लावली की 'त्तोम' थेट 'गा'च्याही आधी. आपल्याकडे कुणी 'ठ' सगळ्या बाराखडीच्या आधी आणून बसवला तर कसं वाटेल? कोरियात यावर जोरदार टीका झाली ती योग्यच होती. आजही ब्राउझर 'ईयूसी-केआर' असं लिहिलेलं पान प्रत्यक्षात याच वाढीव तक्त्याने वाचतात, कारण वेबवर ती अक्षरं पसरली होती.

आणि १९९६ची हलवाहलवही किरकोळ नव्हती. १.१ प्रमाणे साठवलेला कोरियन मजकूर २.० च्या यंत्रणेत चुकीचा ठरला. जुन्या जागा पुढे १९९९च्या ३.० आवृत्तीत चिनी अक्षरांना दिल्या गेल्या. म्हणजे तेव्हाची फाइल आज उघडली तर कोरियन वाक्याच्या जागी निरर्थक चिनी अक्षरं. यूटीएफ-८च्या १९९८मधल्या तांत्रिक दस्तऐवजात या प्रकाराला चक्क 'कोरियन घोळ' म्हटलंय. त्यानंतरच युनिकोडने धोरण केलं: एकदा दिलेला संकेतांक हलवायचा नाही, काढायचाही नाही. धागाकर्त्यांनी सुरुवातीला म्हटलेला मराठीचा फायदा तो हाच. आपला 'ळ' जिथे आहे तिथेच राहणार.

हानकाठची

मी काही वर्षं कोरियात सुवॉनला आहे, नोकरीनिमित्त. इथली थोडी भर.

टंकनाची पद्धत 'दुबोलसिक', म्हणजे दोन संचांची. व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्या. आपण नुसते वर्ण दाबत जायचं, चौकोन संगणक बांधतो. त्यात एक गंमत आहे. व्यंजन टंकलं की ते आधीच्या अक्षराच्या तळाशी जाऊन बसतं. पुढे स्वर दाबला की संगणकाला कळतं, हे व्यंजन पुढच्या अक्षराचं आहे, आणि ते डोळ्यांदेखत उडी मारून पुढच्या चौकोनात जातं. इथे याला 'दोक्केबीबुल' म्हणतात, आपल्या भाषेत भुताचा दिवा. पहिल्यांदा बघताना मी थांबून पुन्हा पुन्हा टंकून पाहिलं होतं. तीन संचांचा कळफलकही आहे, त्यात पहिल्या आणि शेवटच्या व्यंजनाच्या कळा वेगळ्या, म्हणून उडी नाही. तो डॉ. गोंग ब्योंग-उ यांच्या टंकयंत्रावरून आला. ते पेशाने नेत्रतज्ज्ञ होते. त्यांच्या पद्धतीचे चाहते अजून आहेत, पण सरकारी प्रमाण दोन संचांचंच.

नावांचं म्हणाल, तर यादीबाहेरचं अक्षर नावात असलेल्या लोकांना जुन्या यंत्रणांनी फार छळलं. कागदपत्रावर एक नाव आणि पडद्यावर दुसरंच अक्षर, किंवा मधे मोकळी जागा. स्वतःचं नाव यंत्राला चालेल असं बदलून लिहावं लागणं मला तरी अपमानास्पद वाटतं.

आणि रोजचा त्रास वेगळाच आहे. मॅकवर बनवलेली फाइल विंडोजवाल्याला पाठवली की नावातले वर्ण सुटे सुटे दिसतात. 'हान'ऐवजी ह, आ, न असे तीन तुकडे. हे का होतं, कुणी सांगेल का? आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी यावर करवादतं.

खिळेछपाई

हानकाठचीताई, तुमचा प्रतिसाद या धाग्याची शान आहे.

युनिकोडमध्ये ११,१७२ तयार अक्षरांखेरीज सुटे वर्णही आहेत, आणि ते स्थानानुसार वेगळे: पहिल्या जागेचा न निराळा, शेवटच्या जागेचा निराळा. त्यामुळे 'हान' दोन प्रकारे लिहिता येतं: एक तयार अक्षर किंवा तीन वर्ण. युनिकोड म्हणतं, दोन्ही एकच समजा. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था नावं फोडून, म्हणजे तीन वर्णांच्या रूपात साठवायची. त्या फाइली झिपमधून किंवा मेलमधून तशाच बाहेर जातात आणि समोरची यंत्रणा वर्ण जोडून दाखवत नसेल तर तुकडे दिसतात. बाइटही तीनाचे नऊ होतात.

उपाय: नावं एनएफसी रूपात, म्हणजे युनिकोडच्या जोडलेल्या, तयार अक्षरांच्या रूपात आणायची. पायथनमध्ये 'युनिकोडडेटा' मॉड्यूलचं 'नॉर्मलाइझ' आहे, त्याला 'एनएफसी' सांगून पूर्ण फोल्डरवर चालवा. लिनक्सवर 'कॉन्व्हएमव्ही' आहे. वर दिलेलं गुणाकाराचं सूत्रच ते आतून वापरतात.

अनुस्वार

हे वाचून आपल्या 'ॲ'ची आठवण झाली. पूर्वी 'अ' लिहून वर अर्धचंद्र द्यायचो. २००८च्या ५.१ आवृत्तीत 'ॲ'ला स्वतःचा संकेतांक मिळाला. आता 'ॲप' दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं आणि एकाचा शोध घेतला तर दुसरं मिळत नाही. हानकाठचीताईंचं दुखणं ते हेच ना?

बायनरीबुवा

दिसायला तेच, पण आपलं जास्त अवघड. कोरियनचं जोडलेलं आणि फोडलेलं रूप समान आहे हे युनिकोडने अधिकृतपणे मान्य केलंय, त्यामुळे एनएफसी चालवलं की भेद मिटतो. 'ॲ' आणि 'अ अधिक अर्धचंद्र' यांच्यात असं नातं जोडलेलं नाही. एनएफसी त्यांना हात लावत नाही. शोधयंत्र किंवा कोश बनवणाऱ्याने ही जोडी स्वतः लक्षात ठेवून एक करायची. मराठीसाठी शोधप्रणाली लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, अशी कळकळीची विनंती. शिवाय 'वाऱ्या'तला र: ऱ आणि हलन्त असाही लिहितात, र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असाही. तिथेही तेच.

मोडीप्रेमी

चिनी अक्षरांबद्दल कुणीच बोललं नाही. ४,८८८ म्हणता, पण त्यात २६८ पुनरुक्ती आहेत. कोरियनमध्ये एका चिनी अक्षराचे अनेक उच्चार असले, तर १९८७च्या तक्त्याने उच्चारागणिक वेगळं घर दिलं. 'संगीत' आणि 'आनंद' या अर्थांचं एक अक्षर तब्बल चार ठिकाणी आहे. युनिकोडने जुना मजकूर जाऊन-येऊन तसाच राहावा म्हणून ती सगळी घेतली, पण नॉर्मलाइझ केलं की चारही एकाच अक्षरात मिसळतात आणि उच्चाराचा भेद कायमचा जातो. जुन्या कोरियन दस्तऐवजांवर काम करणाऱ्यांनी मूळ प्रत जपूनच ठेवावी.

उत्तर कोरियाचा तक्ता वेगळा, केपीएस ९५६६. वर्णक्रम दक्षिणेपेक्षा निराळा. त्यात किम इल-सुंग आणि किम जोंग-इल यांच्या नावांच्या सहा अक्षरांना, तीच अक्षरं एरवी तक्त्यात असताना, स्वतंत्र घरं दिली होती. युनिकोडने ती घेतली नाहीत.

सबटायटलवेडी

जेजू बेटावरच्या एका मालिकेत तिथल्या बोलीला खाली उपशीर्षकं द्यावी लागली होती. ती बोली या ११,१७२ मध्ये लिहिता येते का?

खिळेछपाई

पूर्ण नाही. जेजूच्या भाषेत 'आरेआ' हा जुना स्वर अजून जिवंत आहे. प्रमाण कोरियनने तो सोडला, म्हणून २१ स्वरांत तो नाही आणि त्याचं एकही तयार अक्षर नाही. ज्या तक्त्याचं मी एवढं कौतुक केलं, तो आजच्या प्रमाण भाषेपुरता पूर्ण आहे. युनेस्कोने २०१० मध्ये जेजूला अत्यंत धोक्यातल्या भाषांत घातलं.

तरी तिथे सुटे वर्ण कामी येतात. पहिलं व्यंजन, आरेआ, शेवटचं व्यंजन असे तीन संकेतांक ओळीने लिहायचे आणि फॉन्टने चौकोन बांधायचा, आपल्या जोडाक्षरांसारखंच. २००९च्या ५.२ आवृत्तीत जुन्या हांगुलसाठी आणखी वर्ण दिले गेले, त्यामुळे पंधराव्या शतकातला मजकूरही लिहिता येतो.

हानकाठची

जेजूला गेले होते तेव्हा तो स्वर दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसला. फोनवर मात्र नेहमीच्या कळफलकाने तो अक्षरात बसवता आला नाही, सुटा ठिपका बाजूलाच राहिला. जुन्या हांगुलचा वेगळा कळफलक टाकावा लागतो आणि फॉन्टही तसा लागतो. इथल्या 'हांगुल' या शब्दप्रक्रिया सॉफ्टवेअरमध्ये मात्र जुने वर्ण सांभाळलेत. १९८९ मध्ये ते आलं आणि स्वतःचा जोहाप धर्तीचा कोड वापरत असल्याने सरकारी यादीबाहेरची अक्षरंही त्यात लिहिता यायची. त्याच्या नावातच तो आरेआ आहे. एनएफसीचा उपाय उद्या ऑफिसात करून बघते आणि कळवते. मॅकवाल्यांची नावं आधी एका फोल्डरवर तपासेन, मूळ प्रती बाजूला ठेवून.

खिळेछपाई

जरूर कळवा. एक सूचना: फोल्डरमध्ये त्याच नावाची दोन्ही रूपं आधीच असतील तर बदलताना एकावर दुसरी फाइल चढेल. आधी यादी काढा, एनएफसी केल्यावर कुठली दोन नावं सारखी होतात ते पाहा, आणि मगच बदला.